मॅग्नसन कायदा

मॅग्नसन कायदा, अर्थात चिनी बहिष्कार निरसन कायदा (१९४३), हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा एक संघीय कायदा आहे. १७ डिसेंबर १९४३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली. चिनी लोकांच्या स्थलांतरावर १८८२ पासून असलेली बंदी या कायद्याने उठवली, चिनी वंशाच्या स्थलांतरितांसाठी वार्षिक कोटा ठरवून दिला आणि अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या चिनी रहिवाशांना अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याचा हक्क दिला. हे विधेयक वॉशिंग्टन राज्यातील प्रतिनिधी वॉरेन जी. मॅग्नसन यांनी मांडले होते. दुसऱ्या महायुद्धात चीन हा अमेरिकेचा मित्रदेश असल्यामुळे हा बदल शक्य झाला. तथापि कोटा वर्षाला केवळ १०५ व्यक्तींचा असल्याने प्रत्यक्ष स्थलांतर त्यानंतरही अत्यल्पच राहिले.

पार्श्वभूमी

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतातून हजारो लोक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील भागाचे बांधकाम प्रामुख्याने चिनी मजुरांनी केले. १८६८ च्या बर्लिंगेम तहाने दोन्ही देशांतील लोकांच्या ये-जा करण्याच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली होती. मात्र १८७० च्या दशकातील मंदीत, कमी मजुरीवर काम करून चिनी लोक गोऱ्या कामगारांचा रोजगार हिरावतात, असा प्रचार वाढला. १८८० मध्ये नवा करार करून अमेरिकेने चिनी मजुरांचे आगमन मर्यादित करण्याचा अधिकार मिळवला.

६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर ए. आर्थर यांनी चिनी बहिष्कार कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यान्वये चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी करण्यात आली आणि न्यायालयांना चिनी व्यक्तींना नागरिकत्व देण्यास मनाई झाली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी व राजनैतिक अधिकारी यांना बंदीतून वगळले होते. पुढील कायद्यांनी निर्बंध अधिक कडक केले. १८८८ च्या स्कॉट कायद्याने, परतीचे अधिकृत प्रमाणपत्र घेऊन चीनला गेलेल्या मजुरांचीही प्रमाणपत्रे रद्द केली. त्यांपैकी चाए चान पिंग हे कायदा लागू झाल्यावर अवघ्या काही दिवसांत सॅन फ्रान्सिस्को बंदरात पोहोचले; त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. १८९२ च्या गिअरी कायद्याने बंदीची मुदत वाढवली आणि चिनी मजुरांना निवास प्रमाणपत्र बाळगणे सक्तीचे केले. १९०४ मध्ये बंदी बेमुदत करण्यात आली.

नागरिकत्वाचा प्रश्न याहून जुना होता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व स्वीकारण्याचा हक्क ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’पुरता ठेवला होता आणि १८७० मध्ये तो आफ्रिकी वंशाच्या लोकांना देण्यात आला, आशियाई लोक त्याबाहेरच राहिले. मात्र अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले चिनी पालकांचे अपत्य जन्माने नागरिक ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्यात १८९८ मध्ये दिला. यामुळे एकाच कुटुंबात मुले नागरिक आणि आईवडील आयुष्यभर परदेशी, अशी स्थिती निर्माण झाली.

बहिष्काराचे सामाजिक परिणाम

जनगणनेनुसार अमेरिकेतील चिनी लोकसंख्या १८९० मध्ये १,०७,४८८ होती. १९२० पर्यंत ती ६१,६३९ वर आली. मजुरांना पत्नी आणता येत नसल्यामुळे चिनी वस्त्या दीर्घकाळ पुरुषप्रधान राहिल्या आणि अनेक कुटुंबे दशकानुदशके दोन खंडांत विभागली गेली. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने ‘नागरिकत्वास अपात्र’ परदेशीयांना प्रवेश नाकारल्यामुळे अमेरिकी नागरिकांच्या चिनी पत्नींनाही येता येईना. १९३० मध्ये, त्या कायद्यापूर्वी विवाह झालेल्या पत्नींपुरती ही बंदी सैल करण्यात आली.

१९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यानंतर अनेकांनी आपला जन्म अमेरिकेत झाल्याचा दावा केला आणि त्यांच्या नावावर इतरांची मुले ‘पुत्र’ म्हणून कागदोपत्री आणली जाऊ लागली. अशांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. हे दावे तपासण्यासाठी १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंड येथील केंद्रात आगंतुकांना अडकवून ठेवले जाई आणि त्यांच्या गावाविषयी, घराविषयी बारकाईने प्रश्न विचारले जात. तेथील लाकडी भिंतींवर बंदिवानांनी कोरलेल्या चिनी कविता आजही पाहता येतात.

महायुद्ध आणि निरसनाची मोहीम

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली. चीन १९३७ पासूनच जपानशी लढत होता. मित्रदेशाच्या नागरिकांना वंशाच्या कारणावरून प्रवेश नाकारणारे कायदे जपानी प्रचारयंत्रणेस उपयुक्त ठरले. आशियाई लोकांना अमेरिका समान मानत नाही, हे दाखवण्यासाठी जपानने त्यांचा वापर केला. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेने चीनमधील आपल्या नागरिकांचे विशेष न्यायिक अधिकार करार करून सोडून दिले. त्यामुळे बहिष्कार कायद्यांची विसंगती अधिकच ठळक झाली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी च्यांग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेई-लिंग यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे भाषण केले. त्यांच्या दौऱ्यामुळे चीनविषयी जनमत अनुकूल झाले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बहिष्कार निरसनासाठी एक नागरिक समिती स्थापन झाली. प्रकाशक रिचर्ड वॉल्श व त्यांच्या पत्नी, नोबेल पारितोषिक विजेत्या लेखिका पर्ल बक, यांचा तीत पुढाकार होता. मागणी स्वार्थापोटी होत आहे असे वाटू नये, म्हणून समितीचे सदस्यत्व आशियाई वंशाचे नसलेल्या अमेरिकी नागरिकांपुरते ठेवले होते. ज्यांच्यासाठी लढा होता, त्यांना त्यात औपचारिक स्थान नव्हते. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर ही कामगार संघटना व काही माजी सैनिक संघटनांनी निरसनास विरोध केला. स्वस्त मजुरांचे आगमन आणि इतर आशियाई देशांकडून येणारी तशीच मागणी, ही भीती विरोधकांच्या युक्तिवादात प्रमुख होती. समर्थकांनी यावर, कोटा अत्यंत लहान असल्याने कामगारांना धोका नाही, असे उत्तर दिले.

११ ऑक्टोबर १९४३ रोजी रूझवेल्ट यांनी काँग्रेसला संदेश पाठवून विधेयकास पाठिंबा दिला. राष्ट्रांकडूनही चुका होतात आणि त्या मान्य करून दुरुस्त करण्याइतके मोठेपण असले पाहिजे, असे त्यांनी त्यात म्हटले. त्याचबरोबर निरसनाने जपानी प्रचाराचे तोंड बंद होईल, असेही सांगितले. प्रतिनिधीगृहाने २१ ऑक्टोबरला आणि सिनेटने २६ नोव्हेंबरला विधेयक संमत केले.

प्रमुख तरतुदी

१. १८८२ पासूनचे चिनी बहिष्काराविषयीचे कायदे पूर्णतः किंवा अंशतः रद्द करण्यात आले.

२. चिनी वंशाच्या स्थलांतरितांसाठी वार्षिक कोटा लागू झाला व तो १०५ ठरला. त्यातील ७५ टक्क्यांपर्यंत जागांवर चीनमध्ये जन्मलेल्या व तेथेच राहणाऱ्यांना प्राधान्य होते.

३. १९४० च्या राष्ट्रीयत्व कायद्यात दुरुस्ती करून चिनी व्यक्ती व चिनी वंशाच्या व्यक्तींना नागरिकत्वास पात्र ठरवण्यात आले.

मर्यादा

युरोपीय स्थलांतरिताची गणना त्याच्या जन्मदेशाच्या कोट्यात होत असे. चिनी व्यक्तीची मात्र वंशावरून. त्यामुळे हाँगकाँग किंवा कॅनडात जन्मलेली चिनी वंशाची व्यक्तीही या १०५ जणांतच मोजली जाई. कॅनडात जन्मलेल्या इतरांना तर कोटाच लागू नव्हता. त्या काळी ब्रिटन व उत्तर आयर्लंडचा वार्षिक कोटा ६५,७२१ होता. अमेरिकी नागरिकांच्या चिनी पत्नींनाही आरंभी कोट्यातून सूट नव्हती. ती ऑगस्ट १९४६ च्या कायद्याने मिळाली. विविध राज्यांतील आंतरवंशीय विवाहांवरील बंदी आणि परदेशीयांच्या जमीनमालकीवरील निर्बंध यांना या कायद्याने स्पर्श केला नाही.

परिणाम

संख्येच्या दृष्टीने मर्यादित असला, तरी आशियाई लोक नागरिकत्वास अपात्र आहेत हे तत्त्व या कायद्याने प्रथमच मोडले. त्याचा पुढचा टप्पा भारतीयांशी संबंधित आहे. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून स्थलांतर बंद केले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत असा निर्णय दिला आणि त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्याची कारवाई झाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशी कारवाई झाली. त्यांनी मात्र न्यायालयात आपले नागरिकत्व टिकवले. २ जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीय व फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि प्रत्येकी १०० चा वार्षिक कोटा मिळाला. चिनी लोकांसाठी १९४३ मध्ये झालेला बदल हे त्यामागील महत्त्वाचे उदाहरण होते.

१९५२ च्या मॅककॅरन-वॉल्टर कायद्याने नागरिकत्वासाठीची वांशिक अट सर्वच लोकांसाठी रद्द केली. वंश व राष्ट्रीय मूळ यांवर आधारलेली कोटा पद्धत मात्र १९६५ च्या स्थलांतर कायद्यानेच संपुष्टात आली आणि त्यानंतर चीन, भारत व इतर आशियाई देशांतून अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले.

बहिष्कार कायद्यांबद्दल सिनेटने २०११ मध्ये व प्रतिनिधीगृहाने २०१२ मध्ये ठराव करून खेद व्यक्त केला. अमेरिकी संघीय कायद्यांच्या संहितेत, आठव्या शीर्षकाखालील सातव्या प्रकरणाचे नाव अद्याप ‘चिनी लोकांचा बहिष्कार’ असेच आहे. त्यातील कलमे मात्र रद्द झालेली आहेत.

हे सुद्धा पहा

चिनी बहिष्कार कायदा, १८८२
लूस-सेलर कायदा, १९४६
एंजल आयलंड स्थलांतर केंद्र
भगतसिंग थिंद