दार कोणी दिलं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांची नात आमच्याकडे लोणावळ्याला आली होती. लोकलने मळवलीला उतरून दोघं कार्ल्याला गेलो. पायऱ्यांवर दम खायला टेकलो, तर शेजारी एक कोळी कुटुंब बसलेलं. एकवीरेच्या दर्शनाला आले होते. आमची बाई सरळ उठून त्यांच्यात जाऊन बसली. "तुमच्या पिशवीत काय आहे?" मी डोळे वटारले, पण तोवर अर्धी चिक्की त्यांच्या मुलाच्या हातात गेली होती. दहा मिनिटांत त्यातल्या बाई हिच्या 'मावशी' झाल्या, आणि मग आम्ही सगळेच लेण्यात शिरलो.

इतिहास शिकवायचो, त्यामुळे माझी मास्तरकी सुरू झाली. चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, खांब ३७, वरच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या. खांबांवर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे मुळात पश्चिमेकडून आलेले लोक. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी. कल्याण-सोपाऱ्याचा माल बोरघाट चढून इथूनच देशावर जायचा, त्या वाटेवरची ही माणसं. दर्शनी दाराचं दान सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं.

"तो इथंच राहायचा का, आबा?"

"नाही गं."

"मग त्याने दार का दिलं?"

वर्गात हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. आम्ही 'टिपा लिहा : यवन दाते' एवढंच करत आलो! मी तिला दुसरा लेख सांगितला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव वलूरकाच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना दिलं. कोणत्या भिक्षूंना? तर चारी दिशांच्या संघाला. म्हणजे कुठूनही येवो, त्याचा वाटा आहेच. आणि पावसाळ्यात इथं मुक्काम करणाऱ्यांचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे. (मावळातला पाऊस ज्याने अंगावर घेतलाय, त्याला यातलं मर्म कळेल.)

हे सांगता सांगता मीच अडखळलो. २६ जुलै २००५. मुंबई पाण्याखाली, मुंबई-पुणे रेल्वे बंद. त्या रात्री आमचं दार वाजलं होतं. खिडकीतून पाहिलं तर डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेला एक अनोळखी माणूस. मी दिवा मालवला. हिने "कोण आहे?" विचारलं, तर "कोणी नाही" म्हणालो. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. हिला खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही, आणि आता ती नाही. भीती वाटली होती हे खरं, दिवसही तसे असतात. पण नंतर कितीतरी पावसाळे मला तो कागद दिसत राहिला.

असो. उतरताना नातीने मावशींना जाहीर आमंत्रण दिलं, "आमच्याकडे चहाला या. आबा चहा छान करतात." त्यांना कल्याणला परतायचं होतं. "पुढल्या खेपेला नक्की," त्या म्हणाल्या. एरवी मी हसून वेळ मारून नेली असती. खिशातली वही काढली, पान फाडलं आणि पत्ता लिहून दिला. खाली खुणेसाठी घरासमोरचं जांभळीचं झाडही लिहिलं.