बिनविम्याची गाडी आणि वाटेवरचा तिऱ्हाईत

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीची आणि गुळाची ओझी वाहणाऱ्या माणसांत माझी तीस वर्षे गेली. शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण हमालांचे अर्ज लिहिता लिहिता आणि कोर्टाची निकालपत्रे वाचता वाचता झाले. तेव्हा या व्याख्यानमालेत विम्याच्या इतिहासावर बोलायला मला उभे केलेले पाहून आपल्याला नवल वाटले असेल, तर ते मलाही वाटले आहे. पण विमा म्हणजे ज्याच्यापाशी काही आहे त्याने करण्याची गोष्ट, अशी जी आपली समजूत आहे, ती निदान मोटारीच्या बाबतीत खरी नाही. मोटारीचा सक्तीचा विमा मोटारवाल्यासाठी नाही. तो रस्त्याने चालणाऱ्यासाठी आहे.

विमा आपल्या भागाला नवा नव्हे. 1913 साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. विम्याचा धंदा मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांचा, अशी समजूत असण्याचा तो काळ. त्या काळात एका जिल्ह्याच्या गावाने हे धाडस केले. 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ती कंपनी आयुर्विमा महामंडळात गेली. परंतु तो आयुष्याचा विमा. त्यात करार दोघांचा असतो. हप्ता भरणारा एक आणि कंपनी दुसरी. मोटारीच्या विम्यात मात्र एक तिसराच माणूस येतो. त्याने सही केलेली नाही, हप्ता भरलेला नाही, कंपनीचे नावही त्याला ठाऊक नाही. कायदा त्याला त्रयस्थ म्हणतो. आपण तिऱ्हाईत म्हणतो.

या तिऱ्हाइताचा विचार प्रथम नीट केला तो इंग्लंडने. 1930 साली तेथे दोन कायदे झाले. एकाने विमा सक्तीचा केला आणि दुसऱ्याने, विमाधारकाचे दिवाळे वाजले तरी जखमी माणसाला थेट कंपनीच्या दारात उभे राहण्याचा हक्क दिला. आपल्याकडे मोटार वाहनांचा कायदा 1939 सालचा. त्यात आठवे प्रकरण सक्तीच्या विम्याचे. पण बाकीचा कायदा लागू झाला आणि हे प्रकरण तेवढे मागे ठेवले गेले. आधी 1943 पर्यंत मुदत होती. मध्ये महायुद्ध आले. प्रत्यक्ष अंमल झाला 1 जुलै 1946 पासून. म्हणजे परवाना हवा, नंबर हवा, हे सारे सात वर्षे आधी, आणि मेलेल्याच्या घरच्यांचे मागाहून!

बरे, विमा आला तरी पैसे हाती येत होते असे नाही. मोटारीखाली माणूस गेला तर त्याच्या वारसांनी 1855 च्या कायद्याखाली दिवाणी कोर्टात दावा लावायचा. मोलमजुरी करणारी बाई कोर्ट फी कुठून आणणार? 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी वेगळे न्यायाधिकरण नेमण्याची सोय झाली आणि साधा अर्ज करून भरपाई मागता येऊ लागली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हेच. रकमांचे आकडे पुढे वाढत गेले, ते वाढायचेच होते. दार उघडले ते 1956 साली.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. विमा सक्तीचा केला. पण ज्याने तो उतरवलाच नाही, त्याच्या गाडीखाली सापडलेल्याने काय करायचे?

या प्रश्नाला तीन देशांनी तीन उत्तरे दिली. इंग्लंडात 1946 साली सर्व विमा कंपन्यांनी मिळून एक मंडळ काढले आणि सरकारशी करार केला, की बिनविम्याच्या गाडीने केलेले नुकसान हे मंडळ भरून देईल. पैसा अर्थात विमा उतरवणाऱ्या प्रामाणिक माणसांच्या हप्त्यातूनच जातो. गाडी सापडलीच नाही तर काय, याचा करार त्यांनी मागाहून, 1969 साली केला. अमेरिकेने निराळी वाट धरली. समोरच्याने विमा उतरवला नसेल तर माझी कंपनी मला भरपाई देईल, असे कलम प्रत्येकाने आपल्याच पॉलिसीत विकत घ्यावे. 1957 साली न्यू हॅम्पशायर राज्याने ते कलम देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. ही सोय चांगली आहे, पण ज्याच्याकडे गाडी आणि पॉलिसी आहे त्याला. आमच्या हमालाकडे सायकल असते.

आपण 1982 साली एक निधी काढला. पण कोणासाठी? ठोकर देऊन गाडी पळाली आणि तिचा पत्ता लागला नाही तर. मृताच्या वारसाला 5000 रुपये आणि गंभीर जखमीला 1000. 1988 च्या नव्या कायद्यात ते 8500 आणि 2000 झाले, 1994 साली 25,000 आणि 12,500, आणि 1 एप्रिल 2022 पासून 2 लाख आणि 50,000. इंग्लंडने आधी बिनविम्याच्या गाडीचा बंदोबस्त केला, मग पळालेल्या गाडीचा. आपण पळालेल्या गाडीचा आधी केला. आणि पत्ता लागलेली, पण विमा नसलेली गाडी मधल्या फटीत राहिली.

ही फट मी डोळ्यांनी पाहिली आहे. वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक गडी रात्री यार्डातून सायकलीवरून घरी निघाला होता. मागून टेम्पोने उडवले. ड्रायव्हर माणूस भला. पळाला नाही, स्वतः उचलून मिरजेला दवाखान्यात घेऊन गेला. गडी तिसऱ्या दिवशी गेला. टेम्पोची पॉलिसी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. न्यायाधिकरणाने बाईच्या बाजूने हुकूम दिला, रक्कमही बरी होती. पण ती मालकावर. महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचा दाखला निघाला आणि मालकाच्या नावावर जप्त करण्याजोगे काही नाही असा शेरा घेऊन परत आला. टेम्पो कर्जाचा होता, तो सावकाराने ओढून नेला होता. मालकावर तरी राग कसा धरायचा, तो आमच्याइतकाच फाटका. मी त्या बाईला कायदा समजावून सांगत होतो. गाडी पळाली असती तर निधीतून 25,000 तरी मिळाले असते, हे माझ्या तोंडून निघून गेले. ती म्हणाली, “आण्णा, मग गाडी गावली हीच चुकी झाली म्हना की.”

मला उत्तर सुचले नाही.

कोर्टांनी ही फट थोडीथोडी बुजवली. पॉलिसी आहे पण ड्रायव्हरचा परवाना बरोबर नाही, अशा ठिकाणी कंपनीने आधी वारसांना द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, ही रीत सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली पक्की केली. 2018 साली त्याच न्यायालयाने राज्यांना सांगितले, की अपघात केलेली गाडी बिनविम्याची असेल तर ती विकून पैसा न्यायाधिकरणात जमा करण्याचा नियम करा. त्याच वर्षापासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदमच घ्यावा लागू लागला. 2025 च्या योजनेने अपघाती जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय केली. तो दीड लाख दवाखान्याचा; घरच्या चुलीचा नव्हे.

पॉलिसी असूनही माणूस बिनविम्याचा असू शकतो, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. मालाच्या ट्रकवर पोत्यांवर बसून जाणारा माणूस तिऱ्हाईत की कोण? 1999 साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, त्यालाही संरक्षण आहे. 2002 च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते फिरवले. 1994 च्या दुरुस्तीने फक्त मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आत घेतला. वाटेत हात दाखवून चढलेला बाहेरच. ट्रकमालकाचा स्वतःचा हमाल कामगार म्हणून धरता येतो, पण तो त्याचा कामगार होता हे शाबीत करायला कागद लागतो, आणि हमालाच्या कागदाचे काय असते ते आम्हाला विचारा. उसाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्या ट्रॉलीवर बायकापोरांसह बसलेल्या आपण दर वर्षी पाहतो. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामाची, त्यावर माणसे बसवण्याची नव्हे, असे कंपनीचा वकील उभा राहून सांगतो. आणि कागदावर पुष्कळदा त्याचे बरोबर असते.

दाव्याच्या मुदतीचेही ध्यानात ठेवावे. 1994 साली ती काढून टाकली होती, त्यामुळे अजूनही पुष्कळजण निवांत असतात. 1 एप्रिल 2022 पासून ती परत आली आहे. अपघातापासून सहा महिने. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत आणि जमिनीच्या वाटण्यांत सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

आम्ही अलीकडे एक करतो. गाडी भरून झाली, की फाटकावर आमचा एक माणूस ड्रायव्हरला पॉलिसी दाखवायला सांगतो आणि तारीख वहीत उतरवून घेतो. तसा आम्हाला अधिकार काहीच नाही. पुष्कळ ड्रायव्हर दाखवतात. काही शिव्या देऊन निघून जातात. त्यांचा नंबर आम्ही लाल शाईने लिहितो.