मिरगी, मांजर आणि उंदीर

आपल्या वऱ्हाडात कोणाला मिरगी आली की गर्दीतून पहिला आवाज येतो, "अरे, चप्पल हुंगवा त्याले!" अकोल्याच्या बसस्टँडवर पाहिलं, अमरावतीत राजकमल चौकातही पाहिलं. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मिळतं चपलेला. तिकडं २०१९ साली फ्रेंच संशोधकांचा पाच कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याच्या वेळी माणसाच्या अंगाला येणारा वेगळा वास त्यांनी बरोबर ओळखला. म्हणजे हुंगायचंच असेल तर ते काम कुत्र्यानं करावं, रोग्यानं नाही.

पण मंडळी, खरा इतिहास गोळीचा आहे.

१९१२ साली जर्मनीत हाउप्टमान या डॉक्टरला फेनोबार्बिटल, म्हणजे आपली गार्डिनाल, मिरगीवर लागू पडते हे दिसलं. झटके कमी झाले, पण माणूस दिवसभर पेंगायचा. गुंगी आल्याशिवाय आकडी आवरत नाही, असंच तेव्हा धरून चालत. मग बॉस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरींवर प्रयोग केले. किती करंट दिल्यावर आकडी येते ते मोजायचं, औषध द्यायचं, पुन्हा मोजायचं. अशी किती तरी रसायनं तपासली. त्यात एक असं निघालं की मांजर पेंगत नव्हती, पण आकडी यायला करंट मात्र जास्त लागत होता. हे रसायन १९०८ सालीच तयार झालेलं, तीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं! १९३८ पासून ते रोग्यांना मिळू लागलं. तेच फेनिटॉइन. मेडिकलवाल्याकडं 'एप्टॉइन' म्हणून मिळतं ते.

उंदराची गोष्ट त्याहून विचित्र. १९६७ मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम गोडार्ड उंदीर कसे शिकतात ते पाहत होते. त्यासाठी मेंदूला रोज अगदी बारीकसा करंट. सुरुवातीला उंदरांना काहीच होईना. काही दिवसांनी त्याच करंटनं त्यांना आकड्या येऊ लागल्या. मधे काही आठवडे प्रयोग थांबवला, तरी मेंदू विसरला नाही. माणसाच्या मेंदूतही असंच घडतं हे सिद्ध झालेलं नाही, पण झटके वरचेवर येऊ देऊ नयेत या विचाराला या उंदरांनी बळ दिलं.

हे आजच सांगायचं कारण, लग्नसराई. सोयरिक जमली की पोरीच्या गोळ्या बंद करणारे बाप मला माहीत आहेत. "सासरी दिसलं तं काय म्हणतीन?" गोळी अचानक तोडली की झटका उलट जोरात येतो, कधी जिवावर बेततो. या भीतीला एकेकाळी कायद्याचाही आधार होता. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडासोबत मिरगीचाही शब्द घुसला होता. १९९९ मध्ये संसदेनं तो काढून टाकला. आता मिरगी आहे एवढ्यावरून लग्न रद्द होत नाही. आमच्याकडच्या बैठकीत मात्र ही गोष्ट अजून कोणी काढत नाही.