घरांची गणती आणि हानीचे गणित

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी, अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज परिसराला भूकंपाचा धक्का बसला. किल्लारीच्या भूकंपाची क्षमता ६.२ होती, तर नॉर्थरिजची ६.७. म्हणजे नॉर्थरिजला बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक होती आणि तीही एका महानगराच्या दाट वस्तीखाली. तरीही नॉर्थरिजला मृतांची संख्या सुमारे ६० होती आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत ती दहा हजारांच्या घरात गेली. वित्तहानीचे चित्र मात्र नेमके उलटे होते. नॉर्थरिजचे नुकसान सुमारे दोन हजार कोटी डॉलर इतके आकारले गेले.

केवळ भूकंपाची क्षमता कळली म्हणून हानी कळत नाही, हे या दोन पहाटांनी दाखवून दिले. हादरणाऱ्या जमिनीवर काय उभे आहे, ते कशाचे बांधलेले आहे आणि त्या घटकेला माणसे कोठे आहेत, यांवर सारे अवलंबून असते. आपत्तीने होणाऱ्या हानीचा आगाऊ अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणाली गेल्या काही दशकांत विकसित झाल्या, त्या याच तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न करतात.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध सार्वजनिक प्रणाली म्हणजे ‘हॅझस’. अमेरिकेच्या ‘फेमा’ या संघराज्य आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तेथील राष्ट्रीय इमारतविज्ञान संस्थेच्या साहाय्याने ती तयार केली आणि १९९७ साली तिची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली. नॉर्थरिजच्या भूकंपातून हाती आलेल्या नोंदी तिच्या जडणघडणीत फार उपयोगी पडल्या. आरंभी ती केवळ भूकंपापुरती होती. २००४ च्या आवृत्तीत पूर आणि चक्रीवादळ यांची भर पडली, तर २०१७ मध्ये त्सुनामीचीही. ही प्रणाली विनामूल्य मिळते. ती नकाशांवर आधारलेली आहे, म्हणजे घरे, शाळा, रुग्णालये, पूल, जलवाहिन्या यांची माहिती नकाशावरील छोट्या छोट्या तुकड्यांशी जोडलेली असते. हे तुकडे अमेरिकेच्या जनगणनेतील विभागांचेच आहेत. भूकंपासाठी थोडा मोठा विभाग पुरतो. पुराचे पाणी मात्र एका गल्लीत शिरते आणि शेजारच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून तेथे अधिक लहान विभाग घ्यावा लागतो.

गणना कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम धोका ठरवावा लागतो. अमुक ठिकाणी अमुक क्षमतेचा भूकंप झाला, तर प्रत्येक विभागात जमीन किती जोराने हलेल? अंतर वाढेल तसा हादरा ओसरतो, परंतु नदीकाठच्या मऊ गाळावर तो पुन्हा वाढतो. त्यानंतर येते इमारतींची यादी. हॅझसने इमारतींचे ३६ प्रकार मानले आहेत : हलक्या लाकडी सांगाड्याचे घर, सळई नसलेले विटांचे बांधकाम, काँक्रीटच्या चौकटीची इमारत इत्यादी. त्या प्रत्येकाची, ती भूकंपविषयक नियम येण्यापूर्वीची आहे की नंतरची, यानुसार पुन्हा प्रतवारी होते. तिसरी पायरी म्हणजे या दोहोंची सांगड. विशिष्ट हादऱ्याला विशिष्ट प्रकारच्या इमारतींपैकी किती टक्के सुरक्षित राहतील आणि किती टक्क्यांना किरकोळ, मध्यम, गंभीर अथवा संपूर्ण नुकसान होईल, हे सांगणारे आलेख प्रणालीत साठवलेले असतात. एकच घर पडेल की राहील, हे ती सांगत नाही. हजार घरांतील किती पडतील, एवढेच ती सांगते.

उदाहरणादाखल एका काल्पनिक वस्तीत प्रत्येकी दहा लाख रुपये किमतीची एक हजार घरे आहेत असे समजू. हादऱ्यानंतर ४०० घरे शाबूत राहिली, ३०० घरांना किरकोळ, १८० घरांना मध्यम, ९० घरांना गंभीर आणि ३० घरांना संपूर्ण नुकसान झाले. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या अनुक्रमे २, १०, ५० आणि १०० टक्के धरला, तर एकूण हानी ९ कोटी ९० लाख रुपये होते. त्यातले साडेसात कोटी केवळ १२० घरांचे असतात! आता याच वस्तीतील ६० घरांची नोंद चुकली आहे असे धरू. यादीत ती पक्की म्हणून लिहिलेली असल्याने ‘किरकोळ’ गटात गेली, प्रत्यक्षात ती कच्ची असल्याने पार कोसळली. एवढ्याने हानीचा आकडा पंधरा कोटी ७८ लाखांवर जातो. शंभरातील सहा घरांची चूक आणि अंदाजात साठ टक्क्यांचा फरक. आलेख कितीही काटेकोर असले, तरी यादी करणाऱ्याने घराकडे नीट पाहिले होते काय, हा प्रश्न उरतोच.

मनुष्यहानीच्या गणनेत वेळेचा प्रश्न येतो. हॅझस पहाटेचे दोन, दुपारचे दोन आणि सायंकाळचे पाच अशा तीन वेळांसाठी जीवितहानीचे वेगवेगळे आकडे देते. रात्री माणसे घरात, दुपारी कचेऱ्यांत व शाळांत, सायंकाळी रस्त्यावर. नॉर्थरिजला पहाटेची वेळ आणि त्यात सार्वजनिक सुटीचा दिवस, त्यामुळे माणसे आपापल्या हलक्या लाकडी घरांत होती आणि वाचली. कोसळलेली वाहनतळे आणि मोडलेले व्यापारी संकुल त्या वेळी रिकामे होते. हॅझसच्या गृहीतकानुसार, ‘संपूर्ण नुकसान’ गटातील हलक्या लाकडी घरांपैकी सुमारे ३ टक्केच प्रत्यक्ष जमीनदोस्त होतात. सळई नसलेल्या विटांच्या इमारतींत हे प्रमाण १५ टक्के आहे. किल्लारीत पहाटेची तीच वेळ घातक ठरली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड थर दिलेली माळवदे. उन्हाळ्यात थंडावा देणारी ती घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

हॅझसच्या ३६ प्रकारांत माळवदाच्या घराला स्वतंत्र जागा नाही. म्हणूनच ती प्रणाली जशीच्या तशी उचलून मराठवाड्याला लावता येत नाही. शिवाय किल्लारीच्या बाबतीत केवळ घरांची नव्हे, धोक्याचीही नोंद चुकलेली होती. त्या काळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपक्षेत्रात मोडत होता. २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. १९९२ मध्ये कोणी संगणकाला या भागाबद्दल विचारले असते, तर चिंतेचे कारण नाही, असेच उत्तर मिळाले असते.

विमा कंपन्यांचा धडा

या विषयाला खरी चालना सरकारांपेक्षा विमाव्यवसायाने दिली. कॅरेन क्लार्क यांनी १९८७ मध्ये ‘एआयआर’ ही कंपनी स्थापन केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूकंप अभियांत्रिकीच्या संशोधनातून ‘आरएमएस’ ही दुसरी कंपनी पुढे आली. क्लार्क यांचे म्हणणे असे की, वादळांचा गेल्या काही वर्षांचा अनुभव हप्ता ठरवण्यास पुरेसा नाही, कारण मोठी वादळे क्वचित येतात आणि मधल्या काळात किनाऱ्यावर नव्या वसाहती उभ्या राहतात. म्हणून ऐतिहासिक नोंदींच्या आधारे संगणकात हजारो वर्षांची काल्पनिक वादळे निर्माण करावीत आणि ती आजच्या घरांवर सोडून पाहावीत. ही कल्पना विमाक्षेत्रातील जाणत्यांना फारशी पटत नव्हती.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. त्याच दिवशी एआयआरने आपल्या ग्राहकांना फॅक्सने कळवले की विमाधारित हानी १,३०० कोटी डॉलरहून अधिक होऊ शकेल. आकडा अतिशयोक्त वाटावा असाच होता. प्रत्यक्ष भरपाई सुमारे १,५५० कोटी डॉलरवर गेली आणि ११ विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले. त्यानंतर चित्र पालटले आणि प्रत्येक मोठ्या विमा व पुनर्विमा कंपनीला अशी प्रणाली आवश्यक वाटू लागली. परंतु या प्रणाली खासगी, त्यांची सूत्रे गुप्त आणि त्यांच्या आधारे ठरणारा हप्ता सामान्य घरमालकाच्या माथी. तेव्हा फ्लोरिडा राज्याने १९९५ मध्ये अशा प्रणाली तपासणारा स्वतंत्र आयोगच नेमला. असा आयोग नेमण्याची ही दूरदृष्टी कौतुकास्पद म्हटली पाहिजे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा या क्षेत्रातील शब्दप्रयोग फार गैरसमज पसरवतो. त्याचा अर्थ अशी आपत्ती एकदा येऊन गेली की शंभर वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दर वर्षी ती येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आली तरी पुढच्या वर्षीही एक टक्का आहेच.

अँड्र्यूच्या यशाला तेरा वर्षांनी दुसरी बाजू दिसली. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ आले तेव्हा प्रणालींचे पहिले अंदाज प्रत्यक्ष हानीपेक्षा बरेच कमी निघाले. त्यांनी वाऱ्याचा हिशेब मांडला होता. न्यू ऑर्लिन्सचे पूरप्रतिबंधक बांध फुटतील, शहर अनेक आठवडे पाण्याखाली राहील, लोक परागंदा होतील आणि एकाच वेळी लाखो घरांची दुरुस्ती निघाल्याने गवंडी-सुतारांची मजुरी व सामानाचे भाव चढतील, हे त्या हिशेबात पुरेसे आले नव्हते.

अनिश्चितता लपवू नये, हे तंत्रज्ञांनाही मान्य आहे. हॅझसच्या तांत्रिक पुस्तिकेतच बजावले आहे की अंदाज आणि वास्तव यांत दुपटीचा किंवा त्याहूनही अधिक फरक पडू शकतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची ‘पेजर’ ही प्रणाली म्हणून एकच आकडा सांगतच नाही. जगात कोठेही मोठा भूकंप झाला की सुमारे अर्ध्या तासात ती हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल असा इशारा देते. शंभरावर मृत्यूंची शक्यता असल्यास नारिंगी, हजारावर असल्यास लाल. मदतपथके निघावीत की नाही, एवढे ठरवण्यास तो रंग पुरतो.

आपत्ती येण्यापूर्वीच तिचा सराव करणे, हा या प्रणालींचा अधिक मोलाचा उपयोग होय. २००८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर ७.८ क्षमतेचा भूकंप झाला असे गृहीत धरून हॅझसच्या आधारे व तज्ज्ञांच्या स्वतंत्र अभ्यासातून हानी काढण्यात आली. निष्कर्ष : सुमारे १,८०० मृत्यू आणि २१,३०० कोटी डॉलरचे नुकसान. मृत्यूंपैकी जवळपास निम्मे इमारती पडून नव्हे, तर भूकंपानंतर लागणाऱ्या आगींनी होतील, असे त्यात दिसले. जलवाहिन्या तुटल्यावर बंबांना पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न अग्निशमन दलापुढे त्यामुळे आधीच उभा राहिला. याच कथानकावर त्या वर्षी १३ नोव्हेंबरला तेथे जनतेचा मोठा सराव झाला आणि पुढे तो वार्षिक उपक्रम बनला.

मुंबई, लातूर आणि अहमदाबाद

महाराष्ट्राशी या तंत्राचा थेट संबंध आला तो २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आरएमएसच्या साहाय्याने मुंबईच्या पुराचे संगणकीय प्रारूप तयार केले. त्यांच्या अंदाजानुसार २०८० च्या दशकापर्यंत शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हानी जवळपास तिप्पट होऊन ६९ कोटी ते १८९ कोटी डॉलरच्या दरम्यान पोहोचू शकते. मात्र जलनिःसारण व्यवस्था सुधारल्यास अशा पुराची हानी ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल, असेही त्यात आढळले. नाला रुंद करण्याचा खर्च डोळ्यांना दिसतो, त्यामुळे टळलेले नुकसान दिसत नाही. ते आकड्यात दाखवणारे साधन म्हणून अशा प्रारूपाकडे पाहावे लागेल.

भारतात इमारतींच्या यादीचे काम मुख्यतः जनगणनेवर उभे आहे. केंद्र सरकारच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने १९९७ मध्ये भारताचा ‘भेद्यता नकाशासंग्रह’ प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००६ व २०१९ मध्ये निघाल्या. भूकंप, वादळ आणि पूर यांच्या धोक्यांसोबत प्रत्येक जिल्ह्यात माती-दगडाच्या भिंतींची घरे किती, भाजलेल्या विटांची किती, काँक्रीटची किती, याचे तक्ते त्यात आहेत. इटलीतील पाविया येथील ‘जेम’ प्रतिष्ठानची ‘ओपनक्वेक’ ही खुली प्रणाली कोणालाही वापरता येते, त्यामुळे केवळ सॉफ्टवेअर नाही म्हणून काम अडण्याचे दिवस सरले आहेत.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. २०११ पर्यंतच्या जनगणनेत घराची भिंत, छप्पर आणि जमीन कशाची, हे विचारले गेले. इमारत किती मजली आहे, तिचा तळमजला भिंतींनी भरलेला आहे की वाहनांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला आहे, हे विचारलेले नाही. नॉर्थरिजला एकाच निवासी संकुलात १६ जण दगावले. ती लाकडी बांधणीची तीन मजली इमारत होती आणि तिच्या तळमजल्यावर वाहनतळ होते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकींचे तळमजले असेच मोकळे होते. जनगणनेच्या तक्त्यात त्या सर्व ‘काँक्रीट’ या सर्वांत भक्कम रकान्यात बसतात. पुणे, नाशिक, ठाण्यात अशा इमारती रस्तोरस्ती आहेत आणि त्यांची वेगळी नोंद करावयाची, तर कोणाला तरी कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकीच्या दारात जावे लागणार आहे.