शिधा आणि पंगत

मराठीत भुकेला उत्तर देणारे दोन जुने शब्द आहेत : शिधा आणि पंगत. शिधा म्हणजे कोरडे धान्य. ते रांधण्याचा भार घेणाऱ्यावर. पंगत म्हणजे रांधलेले अन्न आणि शेजारी बसलेले कोणीतरी. नांदेड आणि लातूर या शहरांतील वृद्धांच्या भुकेचा इतिहास पाहू गेल्यास तो या दोन शब्दांमधील अंतराचा इतिहास आहे, असे म्हणावे लागेल.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या स्मृतीत दोन शब्द ठेवले : मिलो आणि सुकडी. मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. सुकडी हा दुष्काळी कामांवर वाटला जाणारा खाऊ. तेव्हा मदतीचा मुख्य मार्ग श्रमाचा होता. खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी मिळे. थकलेल्या हातांचे पोट घरातील कमावत्या माणसावर अवलंबून राही. पुढे रोजगार हमीचा कायदाही याच तत्त्वावर उभा राहिला. त्याचे मोल मोठे आहे. पण ज्याच्याने काम होत नाही, त्या म्हाताऱ्यासाठी तो नव्हता.

अशांसाठी राज्याने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. १९९५ साली केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आले. दरमहा ७५ रुपये. पात्र असूनही ज्यांना हे वेतन मिळत नव्हते, त्यांच्यासाठी २००० साली अन्नपूर्णा योजना निघाली : ६५ वर्षांवरील निराधारास दरमहा १० किलो धान्य मोफत. एका योजनेतून सुटलेल्यांसाठी दुसरी काढावी लागली, यातच पहिलीची कहाणी आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. आहाराचा वेगळा हक्क मात्र बालकांना आणि गरोदर व स्तनदा मातांना. वृद्धाच्या वाट्याला पुन्हा शिधाच आला.

लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ, डाळमिलांचे शहर. पण कायद्याने दिलेल्या धान्यात डाळ नाही. उतारवयात स्नायू झिजतात, प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. एकट्या म्हातारीने गहू दळून आणायचा, चूल पेटवायची आणि दात नसताना पोळी चावायची, हे किलोच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घागर वाहून नेण्याची ताकद हीही जेवणाची अट ठरली.

नांदेडला याचे वेगळे उत्तर जुनेच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये शिधापत्रिका विचारत नाहीत, अंगठ्याचा ठसा मागत नाहीत. नरसीच्या नामदेवांची पदे ज्या ग्रंथात आदराने समाविष्ट झाली, त्याच परंपरेची ही पंगत आहे.

शासनानेही १९९५ ची एक रुपयातील झुणका-भाकर आणि २०२० ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी यांतून रांधलेल्या अन्नाकडे पावले टाकली. पण केंद्रापर्यंत चालत जाता येणे ही तिथली न लिहिलेली अट आहे. लंगर हा धर्म आहे, हक्क नव्हे. त्याच्या भरवशावर शहराला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. ज्याला पंगतीपर्यंत येता येत नाही, त्याच्या दारापर्यंत ताट पोहोचवणे हा या इतिहासाचा राहिलेला भाग आहे.