शाफ्टचा ‘प्ले’ : संशयित कोण?

मोटरसायकलच्या इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेण्याचे तीन मार्ग आहेत: पट्टा, साखळी आणि शाफ्ट. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांवर चामड्याचा पट्टा असे आणि पावसात तो घसरे. साखळी घसरत नाही, पण उघडी असली तर चिखल खाते, झिजून लांबते. तेव्हा बंदिस्त शाफ्टने चाक फिरवावे ही कल्पना लवकरच पुढे आली. बेल्जियममधील लिएजजवळच्या एफ. एन. या बंदुकांच्या कारखान्याने १९०५ साली पॉल केलकोमने आखलेली चार सिलिंडरची मोटरसायकल बाजारात आणली. तिला शाफ्टच होता.

शाफ्टची एक अडचण आहे. साखळी ढिली झाली तर ताणून घेता येते, शाफ्ट ताणता येत नाही. इथे पोलादाचा दाता पोलादाच्या दात्याला भिडतो. बंद गाडी गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने मागे-पुढे केले, तर ते थोडे मोकळे हलते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला ‘प्ले’ म्हणतात. प्ले म्हणजे झीज, असे धरून चाकाजवळचे बेव्हेल गिअर (शंकूच्या आकाराची, काटकोनात भिडणारी दातेरी चाके) बदलायला सांगितले जाते. हा गाडीतला फार महागडा भाग. शाफ्टचा इतिहास आणि थोडे गणित पाहिले, तर पहिला संशय त्याच्यावर घेणे बरोबर नाही, असे आमचे मत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे म्यूनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्याला विमानाची इंजिने करण्याची बंदी झाली. मग विमानाची इंजिने आखणारा मॅक्स फ्रिट्झ मोटरसायकलकडे वळला. १९२३ सालच्या त्याच्या आर-३२ मध्ये दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे होते आणि क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने होता. त्यामुळे शक्तीची दिशा एकदाच, चाकापाशी, काटकोनात वळवावी लागे. मागच्या चाकाला स्प्रिंगा नव्हत्या, म्हणून शाफ्ट कायम एकाच रेषेत राही. धक्का गिळायला गिअरबॉक्सपाशी एक लवचीक रबरी चकती होती. (साध्या साखळीच्या गाड्यांच्या मागच्या हबमध्ये जे रबर असतात, त्यांचे कामही हेच.)

रस्त्याचे हादरे बसणाऱ्या स्वाराला मात्र या साधेपणाचे कौतुक नव्हते. १९३८ साली याच कारखान्याने मागचे चाक स्प्रिंगांवर बसवले. चाक वर-खाली होऊ लागले, तसा शाफ्टचा कोन बदलू लागला. कोन बदलला तरी फिरणारा सांधा हवा, आणि तो रॉबर्ट हूकने १६७६ सालीच वर्णिला होता. ट्रकखाली वाकून पाहिले तर लांब शाफ्टच्या टोकांना असाच सांधा दिसतो. मेकॅनिक त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. त्याचा एक दुर्गुण वर्गात सांगण्यासारखा आहे. शाफ्ट १० अंशांत वाकलेला असेल, तर एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का पुढे आणि दोनदा तेवढीच मागे पडते. १९५५ साली शाफ्ट मागच्या झुलत्या दांड्याच्या आत गेला, १९८७ मध्ये आलेल्या ‘पॅरालिव्हर’ रचनेत एकाचे दोन क्रॉस झाले. लांबीतला फरक सामावून घ्यायला स्प्लाइन (दांड्यावरच्या लांबट खाचा) लागल्या. प्रत्येक सुखसोयीबरोबर एक नवा जोड आला, आणि प्रत्येक जोडाबरोबर थोडा प्ले.

आता गणित. टायरच्या कडेला चाक २८ मिमी. मोकळे हलते असे समजू. चाकाची त्रिज्या ३२ सें.मी. धरली तर हा कोन सुमारे ५ अंश होतो. चांगल्या बेव्हेल गिअरच्या दात्यांमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट ठेवलेली असते. ०.१५ मिमी. धरू. मोठ्या गिअरची त्रिज्या ६ सें.मी. असेल, तर टायरच्या कडेला ही फट ०.८ मिमी. दिसेल. सगळे २८ मिमी. त्याच्या माथी मारायचे, तर दात्यांमधली फट सव्वापाच मिमी. हवी. म्हणजे जवळजवळ आख्खा दाताच झिजलेला हवा!

मग उरलेला प्ले कुठला? गिअरबॉक्समध्ये एका गिअरच्या बाजूचे ठोकळ्यासारखे दाते शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. फिरता फिरता ते पटकन शिरावेत म्हणून खाचा मुद्दाम रुंद ठेवतात. गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्यावर ही मोकळीक १५ अंश असली आणि मागचे गिअर गती तीनपटीने कमी करीत असले, तर चाकाशी ती ५ अंश दिसते. म्हणजे वरचे सगळे २८ मिमी. अगदी निरोगी गाडीतही असू शकतात.

झीज ओळखायची तर प्रत्येक गिअरमध्ये प्ले मोजावा. गिअरबॉक्सच्या मागे असलेला प्ले सर्व गिअरांत सारखाच राहतो. गिअरप्रमाणे बदलणारा भाग गिअरबॉक्समधला किंवा त्याच्या पुढचा. ज्या गाड्यांत गिअरबॉक्समागचे रबरी आवरण सरकवता येते, तिथे चाक हलवताना क्रॉसकडे पाहावे. चाक हलले पण क्रॉस हलला नाही, तर मोकळीक मागे आहे, आणि तिथे चाकाच्या किंवा शाफ्टच्या स्प्लाइन आधी तपासाव्यात. ग्रीसशिवाय राहिल्या तर त्या करवतीसारख्या टोकदार होतात. मग बदलण्यावाचून इलाज नाही. टायर काढला की ग्रीस लावायला मात्र पाच मिनिटे पुरतात. क्रॉसच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलताना दिसल्या तर गाडी चालवूच नये. तो तुटला तर धावते चाक जाम होऊ शकते.

बेव्हेल गिअरमागे पातळ चकत्या घालून सगळा प्ले काढून टाकण्याचाही कोणी प्रयत्न करतो. अशाने दात्यांमध्ये तेलाला जागा राहत नाही, तापून फुगलेले दाते एकमेकांत दाटतात, गिअर किंचाळू लागतात, आणि जो भाग शाबूत होता तोच खरोखर बदलावा लागतो.