करवतीचा लगाम

उत्तनजवळील पाली हें कोळ्यांचें गांव. या किनाऱ्यावरील होड्यांसाठीं पूर्वी लांकडी ओंडके मोठ्या करवतीनें चिरीत. तिला दोन माणसें लागत. एकाचा हात थांबला कीं पातेंही थांबे.

जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेची व १९२९ सालीं पेट्रोलची साखळी-करवत तयार केली. १९५० च्या सुमारास ती एकट्याला पेलूं लागली. वेग वाढला, सोबती मात्र गेला. पात्याचें टोंक वरच्या बाजूनें लांकडास लागलें, तर यंत्र क्षणांत चालकाच्या तोंडाकडे उसळे. हा झटका बसतांच साखळी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकांत रूढ झाला.

१७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां या भागांत अनेक झाडें उन्मळून पडलीं. असें पडलेलें झाड ताणलेल्या धनुष्यासारखें असतें. चुकीच्या बाजूनें कापल्यास फांदी उसळते. तेथें ब्रेक उपयोगी पडत नाहीं. बोथट दांत्यांना कानस, सैल साखळीला योग्य ताण आणि पात्याला तेल हेंही चालकानेंच पाहावयाचें असतें. पूर्वी सोबत्याचा हात करवतीला आवरी. आतां तें काम चालकाच्या शिस्तीकडे आलें आहे.